दाताने ऐकलेली ठकठक

६ जानेवारी

प्रिय दादा,
नमस्कार.

पत्राला कारण एक यंत्र आहे, आणि ते तूच माझ्या गळ्यात मारलेलं आहेस. म्हणून तक्रारही तुझ्याकडेच.

आठ वर्षांपूर्वी मी मागच्या खोलीत सुतारकाम सुरू केलं, तेव्हा रंग फवारायला हा एअर कॉम्प्रेसर तू निवडून दिला होतास. "नीट सांभाळलास तर तुझ्यापेक्षा जास्त टिकेल," असंही म्हणाला होतास. तर तो आता जायच्या बेतात आहे आणि मी अजून धडधाकट आहे. गेला महिनाभर बटण दाबलं की असा काही आवाज करतो की भिंतीवर टांगलेले पाने खिळ्यावर नाचायला लागतात. भिंतीपलीकडच्या बाई घरी गणिताच्या शिकवण्या घेतात. परवा दारात येऊन अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचं चालू असलं की मी अधिक म्हटलं का वजा, तेच मुलांना कळत नाही हो." त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मलाही चार शब्द सुनावता आले असते.

मेकॅनिकला बोलावलं. त्याने दोन मिनिटं ऐकलं, मान हलवली आणि म्हणाला, "पंप गेला. नवीन घ्या." नवीन घेणं मला या घडीला जमण्यासारखं नाही आणि हातातलं काम थांबवणंही नाही. स्वतःहून बसता न येणाऱ्या मुलांच्या एका शाळेसाठी मी बारा खुर्च्या करतेय. प्रत्येक खुर्ची एकेका मुलाच्या मापाची. एकाला डाव्या कुशीला आधार, एकीला मानेमागे फळी, एकाचे पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून पायाखाली पाट. ही मुलं हात चावतात, म्हणजे खुर्चीचे हात. ब्रशने रंग मारला तर केस राहतात, ओघळ राहतात, आणि ते त्यांच्या तोंडात जातं. फवारलेला रंग कसा काचेसारखा बसतो. खुर्च्या एप्रिलच्या आत द्यायच्यात.

चाळीस वर्षं तू कारखान्यात कॉम्प्रेसरच सांभाळलेस, म्हणून तुला विचारतेय. फोन दोनदा केला. दोन्ही वेळा वहिनी म्हणाल्या, "ते बागेत आहेत." एवढी कसली बाग आहे तुझी? माझ्या लेकीच्या लग्नापासून चार वर्षं आपण एकमेकांशी बोललेलो नाही, हे मी विसरलेले नाही. पण मशीनने तुझं काही वाकडं केलेलं नाही. निदान त्याच्यासाठी उत्तर दे.

तुझी मावसबहीण


१४ जानेवारी

भिंगरीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोन मिनिटांत "पंप गेला" म्हणणाऱ्याचं खरं धरू नकोस. पंप असा एका महिन्यात जात नाही. आधी वर्षभर कुरकुरतो.

आधी प्लग काढ. नुसतं बटण बंद नको, प्लगच काढ. टाकीतली हवा सोडून दे. मग मशीन भिंतीपासून हातभर पुढे ओढ. तुझ्या खोलीत जागा नाही म्हणून ते भिंतीला टेकवलेलं असणार, मला माहीत आहे. खाली चार पायांना रबर आहे का बघ. तेलाची काच पुसून तेल बघ. पट्ट्यावरची जाळी हाताने हलवून बघ, तिचे बोल्ट सैल होतात आणि तीच सगळ्यात जास्त कोकलते. मग सगळे बोल्ट एकेक करून आवळ. केस बांध, बाह्या वर कर, मगच चालू कर.

आणि "असा काही आवाज" म्हणजे काय? ठकठक, खडखड, करकर, घरघर, शिट्टी, यातला कोणता? वेळ काढून ऐक आणि लिही.

फोन करू नकोस. मी घेत नाही.

दादा


२३ जानेवारी

प्रिय दादा,

तू सांगितलंस तसं सगळं केलं. मागचा एक रबरी पाय पार झिजला होता आणि मशीन त्या बाजूला कलून भिंतीवर रेललं होतं, एखादा आळशी पाहुणा रेलतो तसं. चारही पाय नवीन बसवले. जाळीचे दोन बोल्ट सैल होते, ते आवळले. तेल कमी होतं, भरलं. दादा, खरंच सांगते, निम्मा आवाज गेला! पलीकडच्या बाई स्वतःहून येऊन म्हणाल्या, "आज वजा ऐकू गेलं." तुझे आभार त्यांच्याही वतीने.

पण निम्मा उरलाय. आधीच्या गोंगाटात तो लपला होता, आता एकटा सापडलाय. तो ठक-ठक-ठक असा आहे, कोणीतरी आतून दार वाजवतंय तसा. पलीकडच्या बाईंनी त्यांच्या मोबाइलवर तो टिपून घेतला आणि मेमरी कार्डावर घालून दिला, ते सोबत पाठवतेय. माझ्या लिहिण्यापेक्षा तुझ्या कानांवर माझा जास्त विश्वास आहे.

आणि आता मशीन सोडून एक. "फोन करू नकोस, मी घेत नाही" हे वाचून अंगाचा तिळपापड झाला. लग्नाच्या हॉलमध्ये सगळे फोटोला उभे होते. मी तुला तीन वेळा हाक मारली, तिसऱ्यांदा तर सगळ्यांनी वळून बघितलं. तू पाठ फिरवून सरळ जिन्याकडे निघून गेलास. सख्खा भाऊ नाही मला, तुझी जागा तीच होती. त्या फोटोत माझ्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी आहे, आणि फोटो भिंतीवर आहे. काय चुकलं होतं माझं, ते कधीतरी लिही. घाई नाही.

तुझी मावसबहीण


१ फेब्रुवारी

भिंगरीस आशीर्वाद.

कार्डाचा उपयोग नाही झाला. परत पाठवतोय. तू लिहिलंस तेच जास्त कामाचं आहे. "आतून दार वाजवतंय" हे चांगलं लिहिलंस.

आता तीन गोष्टी कर. पहिल्यांदा प्लग काढून पट्टा उतरव, प्लग परत लाव आणि नुसती मोटर चालवून बघ. ठकठक आली तर दोष मोटरीत, नाही आली तर पुढे पंपाकडे. मग पट्टा चढव, जाळी बसव आणि ऐक, की ठकठक कधी जास्त आहे? सुरू होताना, थांबताना, का टाकी भरत आल्यावर? तिसरं, तुझ्याकडे लाकडाला तोटा नाही. हातभर लांबीची सागवानी काठी घे. मशीन चालू असताना एक टोक पंपाच्या डोक्यावर टेकव, दुसरं टोक दातात हलकं धर. मग पंपाच्या अंगावर, मग चाकाच्या मागे जिथे दांडा आत शिरतो तिथे. पट्ट्याच्या जवळ जायचं नाही. आवाज कुठे टोकदार लागतो ते सांग.

लोक काठी कानाला लावतात. तू दातातच धर. कान गोंधळतात, दात गोंधळत नाहीत. कारखान्यात शेवटची सहा-सात वर्षं मी असंच काम केलं आणि एकही निदान चुकलं नाही.

लग्नाचं वाचलं. तुझं काही चुकलं नव्हतं.

दादा


९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

आधी मशीनचं सांगते, मग बाकीचं.

पट्टा उतरवल्यावर मोटर अगदी मुकाट चालली. म्हणजे ती निर्दोष. पट्टा चढवल्यावर ठकठक सुरू होताना जोरात, थांबताना त्याहून जोरात, आणि टाकी भरत आली की दबलेली. आता काठी. पंपाच्या डोक्यावर टेकवली तेव्हा दूरवर कोणी कांडतंय तसं लागलं. अंगावर थोडं जवळ. चाकामागे टेकवली आणि दादा, सगळी कवटी वाजली! हातोडीच जणू. ह्यांनी दारातून मला दातात काठी धरून मशीनपुढे वाकलेली बघितलं आणि काही न विचारता परत गेले. तीस वर्षांच्या संसारात ते एवढं शिकलेत.

मग मला वाटलं, आवाज खरंच दातातून येतोय का कानातून? म्हणून कानात कापसाचे बोळे घातले, वरून मफलर गुंडाळला. खोली गप्प झाली. काठी दातात धरली, आणि ठकठक होती तशीच, स्पष्ट, डोक्याच्या मधोमध.

तिथेच मी खाली बसले. कानात बोळे तसेच होते. ह्यांनी बाहेरून दोनदा हाक मारली म्हणे, मला पत्ताच नाही. तिसऱ्यांदा ते आत आले आणि खांद्याला हात लावला तेव्हा मी दचकले. ते म्हणाले, "रागावलीस का? ओ का देत नाहीस?"

दादा, तुला ऐकू येत नाही का?

माझ्या पुढच्या पत्राची वाट न बघता खरं काय ते लिही. आणि तसं असेल तर मी चार वर्षं तुझ्याबद्दल लोकांना जे जे सांगत फिरले, त्यासाठी मला माफ कर. त्यातलं निम्मं तुझ्या कानावर गेलं नसेल, हे आता नशीबच म्हणायचं.

तुझी भिंगरी


१७ फेब्रुवारी

भिंगरीस आशीर्वाद.

आधी मशीन. तुझा पंप ठणठणीत आहे. पंपाच्या दांड्यावर जे मोठं चाक आहे ते सैल झालंय. दांड्याला एक खाच असते, चाकाला एक, आणि दोघांच्या मध्ये लोखंडाची छोटी चपटी चावी बसते. ती झिजली की चाक दांड्यावर जरासं मागेपुढे होतं आणि ठक वाजतं. आवाज थेट पंपाच्या पोटातून येतोय असं वाटतं. भले भले फसतात. प्लग काढ, चाक दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे हलव, दांडा न हलता चाक हललं तर तेच. मधला बोल्ट काढून जुनी चावी लोहाराकडे किंवा दुकानात ने, तिच्याच मापाची नवी घे. कागद घालून घट्ट करायचा जुगाड करू नकोस.

आता दुसरं.

होय. डाव्या कानाने जवळजवळ काहीच नाही, उजव्याने समोर उभं राहून कोणी मोठ्याने बोललं तर. पन्नाशीच्या आसपास सुरू झालं. गंमत म्हणजे कारखान्यात मशिनं चालू असताना मला माणसांचं बोलणं इतरांपेक्षा बरं कळायचं, घरी शांततेत कळायचं नाही. त्यामुळे कोणाला संशय आला नाही. कान तपासणारे डॉक्टर यायचे त्या दिवशी मी रजा टाकायचो. कॉम्प्रेसर ऐकून ओळखणारा माणूस म्हणून माझं नाव होतं. बहिरा आहे कळलं असतं तर स्टोअरमध्ये बसवून नट मोजायला लावलं असतं. मग काठी दातात धरायला लागलो. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याची लकब.

लग्नात तू हाक मारलीस हे मला तुझ्या पत्रातून कळलं. मी जिन्यात जाऊन बसलो होतो, कारण चारशे माणसं माझ्याकडे बघून तोंडं हलवत होती आणि मी नुसता हसून हसून थकलो होतो. तू का बोलत नाहीस हे मलाही कळलं नाही. वाटलं, भिंगरी मोठी झाली.

चाळीस वर्षं यंत्रांनी पोटाला दिलं, बदल्यात कान घेतले. तक्रार नाही. मावशी, म्हणजे तुझी आई, तीही शेवटी ऐकू न येऊनच गेली ना. म्हातारपण.

तू विचारलंस. बाकी कोणी विचारलं नव्हतं. बरं वाटलं.

दादा


५ मार्च

प्रिय दादा,

चाक डावीउजवीकडे हललं! चावी काढली तर एका बाजूने चोखलेल्या गोळीसारखी झालेली. नवी बसवली, बोल्ट आवळला, बटण दाबलं. दादा, मला वाटलं मशीन चालूच झालं नाही. हात लावून बघितलं तेव्हा कळलं. मी एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या. सात खुर्च्या रंगवून झाल्या आहेत. पिवळ्या, कारण मुलांनी पिवळा निवडला. मेकॅनिकला मुद्दाम बोलावून दाखवलं. त्याने चावी हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाला, "तुमच्या दादांना माझा नमस्कार सांगा." मनापासून म्हणाला. म्हणून तोही पोचवते.

पण आता नीट वाच. शाळेतल्या बाई मापं ताडून बघायला आल्या होत्या. त्यांची निम्मी मुलं कानांनीही अधू, त्यामुळे त्यांना यातलं बरंच कळतं. मी दातातल्या काठीपासून आईच्या कानांपर्यंत सगळी गोष्ट रंगवून सांगितली, मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या दादांना काठीने खरंच स्पष्ट ऐकू येतं?" मी म्हटलं, एकही निदान चुकलं नाही. "आणि गोंगाटात बोलणं बरं कळायचं? आणि तुमच्या आईलाही होतं?" हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग हे यंत्रांच्या आवाजाने झालेलं वाटत नाही. त्याने आतली नस मरते, मग काठी लावा नाहीतर खांब लावा. हाडातून ऐकू येतंय म्हणजे नस जिवंत असावी. कानात तांदळाच्या कणीएवढं हाड असतं, ते हलायचं थांबलं की असं होतं. मी डॉक्टर नाही. पण त्यांना डॉक्टरकडे पाठवा, आजच."

दादा, तुझ्याच भाषेत सांगते. पंप गेलेला नाही.

तुझी भिंगरी


१९ मार्च

प्रिय वन्संना नमस्कार,

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहिते आहे. तुमच्या पत्राला ह्यांनी उत्तर लिहिलं होतं, "या वयात कानात हत्यारं घालून घ्यायची नाहीत" असं. ते पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. मी टाकलं नाही.

आधी माझी चूक कबूल करते. बाग वगैरे काही नाही, तीन कुंड्या आहेत. ह्यांनी शपथ घातली होती कोणाला सांगायचं नाही म्हणून, आणि मी ती इतकी पाळली की तुमच्यात दुरावा आला तरी तोंड उघडलं नाही. रागावू नका.

तुमची पत्रं यायला लागली आणि घरात फरक पडला. पत्र आलं की तीनदा वाचतात, मग कागदावर चाकं आणि दांडे काढत बसतात. कितीतरी दिवसांनी त्यांना कोणी काहीतरी विचारलं होतं. तुमचं शेवटचं पत्र वाचलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेले तर हे लाटणं दातात धरून मिक्सरवर टेकवून उभे! मला बघून म्हणाले, "याचं बेअरिंग जाणार आहे." मग तसेच उभे राहिले. मी पाटीवर लिहून विचारलं, "स्पष्ट ऐकू येतं?" मान डोलावली. मी लिहिलं, "मग माझं बोलणं का नको?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला शर्ट घालून दारात उभे होते. डॉक्टरांनी तपासलं. कपाळाला, कानामागे काहीतरी टेकवून बघितलं. शाळेच्या बाईंचा अंदाज बरोबर निघाला. पुढच्या महिन्यात एका कानाची शस्त्रक्रिया आहे. खात्री देत नाहीत, पण आशा चांगली आहे म्हणाले.

त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. आणि तुम्हाला काय म्हणू? मशीन बिघडलं ते बरंच झालं, एवढंच.

तुमची वहिनी


२७ मे

भिंगरीस अनेक आशीर्वाद.

उशीर झाला. ऑपरेशननंतर आठवडाभर डोकं गरगरत होतं, मग कानात पट्टी होती, मग लिहायचं काय ते सुचत नव्हतं. बारा खुर्च्या वेळेत गेल्याचं कळलं. तू पाठवलेला फोटो बघितला. ती मानेमागे फळी असलेली मुलगी समोर बघतेय, एवढ्यासाठीच तुझं मशीन चालायला हवं होतं. मेकॅनिकलाही माझा नमस्कार सांग. फसलो तर मीही आहे, स्वतःच्याच बाबतीत. वीस वर्षं.

डॉक्टरांनी डाव्या कानातली पट्टी काढली तेव्हा पहिला आवाज आला तो चिमटा ट्रेमध्ये टाकल्याचा. मी खुर्चीतून उडालो. बाहेर आलो तर रस्ता एवढा मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं. रिक्षा, चपला, कोणाचा तरी खोकला. घरी आल्यावर नळ, पंखा, कागद. कागद एवढा बोलतो हे विसरलो होतो. डॉक्टर म्हणतात सगळं पूर्वीसारखं होणार नाही, उजवा कान सहा महिन्यांनी बघू. मला एवढंही पुष्कळ आहे.

पण सांगायचं आहे ते वेगळंच. मला वाटत होतं माझं घर गप्प आहे. तुझी वहिनी पाटीवर लिहायची, मी वाचायचो, बाकी शांतता. ती मितभाषी झाली असं मी धरून चाललो होतो. भिंगरी, ती गप्प नव्हती. ती दिवसभर बोलते. भाजी चिरताना, कपडे घडी घालताना, माझ्या पाठीमागे उभी राहून, सगळं मलाच सांगत असते. आज काय स्वप्न पडलं, गुडघा कुठे दुखतो, समोरच्यांची सून किती गुणी. मध्ये मध्ये माझ्यावर तोंडसुखही घेते, तेही अगदी निवांतपणे. मला ऐकू येत नाही हे माहीत असून ती एवढी वर्षं मला सगळं सांगत राहिली होती. मला ऐकू यायला लागलंय हे तिच्या अजून अंगवळणी पडलेलं नाही, म्हणून पहिले दोन दिवस मी तसाच बसून ऐकत राहिलो. चोरी होती, पण केली.

तुझे आभार मानायला बसलो होतो. ते मला नीट जमत नाही, कारखान्यात आम्ही नुसता हात वर करायचो. तो वर केलाय असं समज.

काल सकाळी मी खिडकीत पेपर वाचत होतो. ती मागे येऊन उभी राहिली.  मग अगदी हळू, जवळजवळ श्वासातच म्हणाली, "अहो, खरंच ऐकू येतं का हो तुम्हाला?"

मी वळलो नाही. म्हटलं, "पुन्हा एकदा म्हण."

तुझा दादा